ठावठिकाणा

दर नव्वद दिवसांनी मी
लांपांगच्या इमिग्रेशन कचेरीत जाऊन सांगतो
की मी जिथे होतो तिथेच आहे.

घर १४२/३, मू पाच.
गल्लीच्या तोंडाशी टायरवाला, त्याचा लंगडा कुत्रा,
हे लिहायला फॉर्मात जागा नाही.
साल बुद्धाचं, पंचवीसशे अडुसष्ट.
पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला होता,
एका रेघेत पाचशे त्रेचाळीस वर्षांनी म्हातारा झालो म्हणून.
आता सवयीने होतो.

मधल्या तीन महिन्यांत एक दाढ काढली.
कारखान्यात कोंबड्याच्या वाट्यांचा हिरवा
भट्टीत दोनदा फसला, अडीचशे वाट्या शेवाळी निघाल्या.
आणि ज्या भावाशी बोलायचं नाही असं ठरलं होतं
त्याच्याशी बोललो, सव्वा मिनिट.
फॉर्म एवढंच विचारतो: पत्ता बदलला?

माझ्या पुढे नांग मुअन, शान मुलखातली,
आमच्याच कारखान्यात माती मळते.
तिच्या पत्त्याच्या रकान्यात मालकाचं नाव असतं.
नखांत वाळलेली माती. अंगठा दोनदा उठत नाही.

लोदेवाइक आणि मी एकदा एकाच दिवशी उशिरा आलो,
दोन-दोन हजार बाट दंड भरला,
तेव्हापासून आमची तारीख एक.
बेल्जियमात तो कालव्याचे दरवाजे उघडायचा.
बोटी वर घ्यायच्या, बोटी खाली सोडायच्या,
चौतीस वर्षं. स्वतः कुठे गेला नव्हता.
मी त्याला शब्द शिकवला होता, ठावठिकाणा.
ठिकाणा म्हणजे घर नंबर, म्हटलं,
आणि ठाव म्हणजे पाणी जिथे संपतं ते.
मग त्याला काठी लागते, तो म्हणाला,
खुणा केलेली,
आणि खिशातलं पेन काढून मला दिलं,
कारण कचेरीतल्या पेनाला दोरी होती, शाई नव्हती.

आज त्याच्या जागी पा बुअलाय आली, त्याची घरमालकीण.
डिसेंबरची थंडी, अंगात त्याचाच तपकिरी स्वेटर,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट काढला, रबर सोडलं,
खिडकीत सरकवून म्हणाली,
त्याची तारीख आज आहे. तो कधी चुकवत नसे.
आता मेल्यावर कोणी यायचं?

सिपोर्न खुर्चीतून उठली.
इतक्या वर्षांत ती मला कमरेपासून वरच माहीत,
उभी राहिली तर केवढीशी निघाली.
नखाने तिने पिन उचकटली, चिठ्ठी काढली,
खाली बसली, आणि सवयीने
तोंडातून गेलंच तिच्या: सध्या कुठे?

पा बुअलायला त्यात काही वावगं वाटलं नाही.
वाट साय मून, म्हणाली.
मागच्या भिंतीत, खालून दुसरी ओळ,
डावीकडे चिंचेचं झाड आहे.
हळू सांगितलं, शब्द सुटे करून,
समोरच्याला लिहून घेता यावं असं.
सिपोर्नने लिहून घेतलं.
कशावर, ते खिडकीच्या कडेमुळे दिसलं नाही.

मग माझा नंबर. सतरा.
पत्ता बदलला?
नाही, म्हणालो,
थोडं उशिराच.
तिने वर पाहिलं. स्टेपलर खाली आला.
त्याचं पेन अजून माझ्याकडे आहे, हे
कोणत्या खिडकीत सांगायचं कळेना.

पुढची तारीख माखबूचाच्या सुट्टीत येते,
ती म्हणाली,
एक दिवस आधी या.